बुत्रुस अल-बुस्तानी

बुत्रुस अल-बुस्तानी (नोव्हेंबर १८१९, दिब्बिये, माउंट लेबनॉन – १ मे १८८३, बैरूत) हे ऑटोमन साम्राज्यातील सीरिया प्रदेशातले अरबी लेखक, शिक्षणतज्ज्ञ, कोशकार, पत्रकार आणि भाषांतरकार होते. एकोणिसाव्या शतकात अरबी भाषा, साहित्य आणि विचार यांत जे नवजागरण झाले त्याला अरबीत ‘नहदा’ म्हणतात. या नहदाच्या आद्य प्रवर्तकांमध्ये त्यांची गणना होते. आधुनिक पद्धतीचा पहिला मोठा अरबी शब्दकोश ‘मुहीत अल-मुहीत’ आणि पहिला आधुनिक अरबी ज्ञानकोश ‘दाइरत अल-मआरिफ’ हे त्यांचे प्रमुख ग्रंथ होत. समकालीन लोक त्यांना ‘अल-मुअल्लिम’, म्हणजे गुरुजी, या उपाधीने ओळखत.

जन्माने मारोनाइट कॅथलिक, धर्मांतराने प्रॉटेस्टंट, भाषेने अरब, प्रदेशाने सीरियाई आणि राजनिष्ठेने ऑटोमन अशा अनेक ओळखी त्यांनी एकाच आयुष्यात धारण केल्या. १८६० च्या भीषण यादवी युद्धानंतर, पंथाच्या पलीकडे जाऊन माणसांना एकत्र बांधणारी ओळख कोणती, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात त्यांचे उर्वरित आयुष्य गेले.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील अरबी भाषक प्रदेश १५१६ पासून ऑटोमन सत्तेखाली होता. तेथील लोक या प्रदेशाला ‘बिलाद अश-शाम’ म्हणत. साम्राज्यात प्रजेची पहिली ओळख धर्मावरून ठरत असे. विवाह, वारसा आणि शिक्षण या बाबी बव्हंशी त्या त्या धर्मसमूहाच्या प्रमुखांच्या हाती होत्या. माउंट लेबनॉन या डोंगराळ भागात मारोनाइट ख्रिस्ती आणि द्रूझ हे दोन प्रमुख समाज शतकानुशतके एकमेकांच्या शेजारी राहत होते. तेथे धर्माइतकेच महत्त्व घराण्याला होते. द्रूझ सरदाराच्या जमिनीवर ख्रिस्ती शेतकरी राबत आणि दोन्ही धर्मांची घराणी एकाच अमिराच्या दरबारात मान मिळवत.

ही घडी एकोणिसाव्या शतकात विस्कटली. १८३१-३२ मध्ये इजिप्तचा शासक मुहम्मद अली याचा मुलगा इब्राहिम पाशा याने सीरिया जिंकला. त्याच्या राजवटीत ख्रिस्ती प्रजेवरील अनेक जुनी बंधने सैल झाली, मात्र कर, वेठबिगार आणि सक्तीची सैन्यभरती यांमुळे असंतोष वाढला. १८४० मध्ये ब्रिटन आणि ऑस्ट्रिया यांच्या मदतीने ऑटोमनांनी इजिप्शियन सैन्याला हुसकावून लावले. दरम्यान १८३९ मध्ये सुलतानाने गुल्हाने येथील फर्मानाद्वारे सर्व प्रजाजनांना जीवित, वित्त आणि प्रतिष्ठा यांची हमी दिली होती. १८५६ च्या फर्मानाने मुसलमान आणि बिगर-मुसलमान यांची समानता अधिक स्पष्ट शब्दांत जाहीर केली. कागदावर सर्वजण समान ऑटोमन प्रजाजन झाले होते. प्रत्यक्षात मात्र १८४२ मध्ये माउंट लेबनॉनची विभागणी करून उत्तरेला ख्रिस्ती आणि दक्षिणेला द्रूझ प्रशासक नेमण्यात आला. परिणामी पंथ हाच राजकारणाचा पाया ठरला. फ्रान्स मारोनाइटांचा आणि ब्रिटन द्रूझांचा पाठीराखा म्हणून पुढे आल्याने ही दरी आणखी रुंदावली.

बालपण आणि शिक्षण

बुस्तानी यांचा जन्म शूफ भागातील दिब्बिये या गावी एका मारोनाइट कुटुंबात झाला. या घराण्यात विद्येची आणि धर्मसेवेची परंपरा होती. वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास त्यांना ऐन वरका येथील मारोनाइट विद्यालयात पाठवण्यात आले. १७८९ मध्ये एका मठाचे रूपांतर करून स्थापन झालेले हे विद्यालय त्या काळी डोंगरातील सर्वोत्तम शिक्षणसंस्था मानले जाई. तेथे त्यांनी अरबी व्याकरण, तर्कशास्त्र, धर्मशास्त्र, इतिहास तसेच सिरियाक, लॅटिन आणि इटालियन या भाषांचा अभ्यास केला. पुढे त्यांनी इंग्रजी, हिब्रू आणि ग्रीक या भाषाही आत्मसात केल्या. शिक्षण संपल्यावर काही काळ त्यांनी त्याच विद्यालयात अध्यापन केले. मारोनाइट धर्मपीठाच्या सेवेत ते उच्च पदाला पोहोचतील, अशी चिन्हे दिसत होती.

बैरूत आणि धर्मांतर

१८४० मध्ये बुस्तानी बैरूतला आले. ऑटोमन आणि युरोपीय सैन्ये इजिप्शियनांविरुद्ध लढत असताना त्यांनी काही काळ ब्रिटिश सैन्याकडे दुभाष्याचे काम केले. याच सुमारास त्यांचा अमेरिकी प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांशी संबंध आला. १८३४ मध्ये मिशनचे अरबी मुद्रणालय माल्टाहून बैरूतला हलवण्यात आले होते आणि त्याच्याभोवती शाळा व भाषांतराचे उद्योग उभे राहत होते. मिशनरी एलाय स्मिथ यांच्याशी त्यांचा विशेष स्नेह जुळला. लवकरच बुस्तानी यांनी प्रॉटेस्टंट पंथ स्वीकारला.

हा निर्णय धोक्याचा होता. ऐन वरका येथेच शिकलेला असअद अश-शिदयाक हा तरुण प्रॉटेस्टंट झाल्यावर मारोनाइट धर्मप्रमुखाने त्याला कैदेत टाकले होते आणि १८३० मध्ये कन्नूबीनच्या मठात त्याचा मृत्यू झाला होता. धर्म बदलणे म्हणजे घर, गाव, समाज आणि कायद्याचे संरक्षण या साऱ्यांना मुकणे, असा त्याचा अर्थ होता. ऑटोमन व्यवस्थेत प्रॉटेस्टंटांना स्वतंत्र धर्मसमूह म्हणून सुलतानाच्या फर्मानाने पूर्ण मान्यता मिळाली ती १८५० मध्ये. बुस्तानी यांनी पुढे शिदयाकचे चरित्र लिहिले. ते १८६० मध्ये प्रसिद्ध झाले. या चरित्रात शिदयाकच्या छळाची हकीकत सांगताना त्यांनी सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्याचा पुरस्कार केला.

१८४३ मध्ये त्यांचा विवाह राहील अता यांच्याशी झाला. एलाय स्मिथ यांच्या पत्नी सारा स्मिथ यांनी बैरूतमध्ये चालवलेल्या मुलींच्या शाळेतील पहिल्या विद्यार्थिनींपैकी राहील एक होत्या. १८४८ मध्ये बैरूतमध्ये स्थानिक प्रॉटेस्टंटांची मंडळी स्थापन झाली. तिच्या संस्थापक सभासदांत बुस्तानी होते.

मिशनमधील कार्य

१८४६ मध्ये बुस्तानी कॉर्नेलियस व्हॅन डाइक यांच्याबरोबर अबेय येथील मिशनच्या अध्यापक विद्यालयात शिकवू लागले. तेथील विद्यार्थ्यांसाठी त्यांनी अंकगणितावर पाठ्यपुस्तक लिहिले. पुढे व्याकरणावरही पुस्तक तयार केले. १८४८ पासून ते बैरूतमध्ये एलाय स्मिथ यांच्या बायबलच्या नव्या अरबी भाषांतराच्या कामात गुंतले. मूळ हिब्रू आणि ग्रीक पाठावरून पहिला मसुदा तयार करण्याची जबाबदारी मुख्यतः बुस्तानी यांच्यावर होती, तर भाषेचे संस्करण नासीफ अल-याझिजी हे प्रसिद्ध अरबी पंडित करत. १८५७ मध्ये स्मिथ यांचे निधन झाले. व्हॅन डाइक यांनी वेगळ्या सहकाऱ्यांसह हे काम पुढे नेले व १८६५ मध्ये संपूर्ण बायबल छापून झाले. स्मिथ यांच्या मृत्यूनंतर बुस्तानी यांचे मिशनच्या सेवेतील स्थान हळूहळू संपुष्टात आले, तरी प्रॉटेस्टंट मंडळीशी त्यांचा संबंध अखेरपर्यंत राहिला. १८५० च्या दशकात ते बैरूतमधील अमेरिकी वकिलातीत दुभाषी म्हणूनही काम करत होते.

१८४७ मध्ये बैरूतमध्ये कला आणि विज्ञान यांच्या प्रसारासाठी सीरियाई परिषद स्थापन झाली. मिशनरी आणि स्थानिक ख्रिस्ती विद्वान तिचे सभासद होते. बुस्तानी यांनी तिच्या व्याख्यानांचा संग्रह संपादित करून १८५२ मध्ये प्रसिद्ध केला. १८४९ मध्ये त्यांनी स्त्रीशिक्षण या विषयावर दिलेले व्याख्यान अरबी भाषेतील या विषयाच्या आरंभीच्या मांडणींपैकी एक मानले जाते. स्त्री अशिक्षित राहिल्यास संपूर्ण समाज मागे राहतो, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन होते. मात्र स्त्रीचे कार्यक्षेत्र मुख्यतः कुटुंब आणि अपत्यसंगोपन हेच असावे, ही त्या काळाची मर्यादा त्यांच्या विचारांतही दिसते.

१८५९ मध्ये त्यांनी अरबांच्या साहित्यावर आणि विद्येवर व्याख्यान दिले. अब्बासी काळातील अरबी विद्येचे वैभव आणि नंतरची अवनती यांचा आढावा घेऊन त्यांनी मुद्रणालये, शाळा आणि भाषांतरे यांद्वारे पुनरुज्जीवन शक्य असल्याचे मांडले. या व्याख्यानात एका ख्रिस्ती विद्वानाने इस्लामी काळातील अरबी वारसा आपला स्वतःचा म्हणून सांगितला, हे लक्षणीय आहे. अरबी भाषा ही केवळ मुसलमानांची नव्हे, तर ती बोलणाऱ्या सर्वांची सामायिक संपत्ती आहे, ही भूमिका येथे आकार घेऊ लागली.

१८६० चे यादवी युद्ध

१८५८ मध्ये माउंट लेबनॉनच्या किसरवान भागात मारोनाइट शेतकऱ्यांनी आपल्याच धर्माच्या जमीनदारांविरुद्ध बंड केले. हा असंतोष दक्षिणेकडील द्रूझ सरदारांच्या प्रदेशात पसरला, तेव्हा त्याला पंथीय स्वरूप आले. मे १८६० मध्ये उघड युद्ध सुरू झाले. हासबैया, राशैया, झहले आणि दैर अल-कमर येथे ख्रिस्ती लोकांची मोठ्या प्रमाणावर कत्तल झाली. जुलैमध्ये दमास्कस शहरातील ख्रिस्ती वस्तीवर हल्ला होऊन हजारो लोक मारले गेले. तेथे निर्वासित म्हणून राहत असलेले अल्जीरियाचे अमीर अब्दुल कादिर आणि अनेक मुसलमान रहिवासी यांनी आपल्या घरांत आश्रय देऊन असंख्य ख्रिस्ती लोकांचे प्राण वाचवले. बैरूत निर्वासितांनी भरून गेले.

ऑटोमन परराष्ट्रमंत्री फुआद पाशा यांनी दमास्कसमध्ये येऊन कठोर शिक्षा दिल्या. दमास्कसच्या राज्यपालालाही मृत्युदंड देण्यात आला. ऑगस्टमध्ये फ्रेंच सैन्य बैरूतला उतरले. १८६१ मध्ये युरोपीय सत्तांच्या संमतीने माउंट लेबनॉनला स्वायत्त दर्जा देण्यात आला. त्याचा प्रशासक ऑटोमन सेवेतील, परंतु लेबनॉनबाहेरचा ख्रिस्ती अधिकारी असावा आणि त्याच्या प्रशासकीय मंडळातील जागा पंथांमध्ये वाटल्या जाव्यात, असे ठरले. युद्ध थांबले, पण पंथनिहाय वाटणी कायद्यात कायम झाली.

नफीर सूरिया

सप्टेंबर १८६० ते एप्रिल १८६१ या काळात बैरूतमध्ये ‘नफीर सूरिया’, म्हणजे ‘सीरियाची तुतारी’, या नावाची ११ पत्रके प्रसिद्ध झाली. त्यांवर लेखकाचे नाव नव्हते. लेखक स्वतःला केवळ देशप्रेमी म्हणवत असे. ही पत्रके बुस्तानी यांनी लिहिली होती.

या पत्रकांत त्यांनी कोणत्याही एका पंथाची बाजू घेतली नाही. वाचकांना त्यांनी देशबांधव म्हणून संबोधले आणि सर्वांचे अन्न, पाणी, हवा आणि भाषा एकच असल्याची आठवण करून दिली. युद्धातील हानीचा आणि लाभाचा त्यांनी जमाखर्चासारखा हिशेब मांडला. जळालेली घरे, बुडालेला व्यापार आणि मृत माणसे यांच्याबरोबरच परस्परविश्वास, लाज आणि शेजारधर्म यांचा नाश हीसुद्धा त्यांच्या हिशेबात मोठी हानी होती. धर्मसत्ता आणि नागरी सत्ता यांची सरमिसळ दोघींनाही भ्रष्ट करते, म्हणून त्या वेगळ्या असाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. दंगलीची जबाबदारी संपूर्ण समाजावर न टाकता गुन्हा करणाऱ्या व्यक्तीवर टाकावी, हेही त्यांनी आग्रहाने मांडले.

या लेखनाचा मध्यवर्ती शब्द ‘वतन’ हा होता. मराठीत हा शब्द वंशपरंपरागत जमीन किंवा हक्क या अर्थाने रूढ झाला, तर अरबीत त्याचा जुना अर्थ माणसाचे राहण्याचे ठिकाण, जन्मभूमी असा होता. बुस्तानी यांनी त्याला राजकीय आशय दिला. त्यांच्या लेखनात सीरिया हा सर्व पंथांच्या रहिवाशांचा समान देश ठरला आणि त्या देशाशी असलेले नाते हक्क व कर्तव्ये यांनी बांधलेले मानले गेले. हा देश ऑटोमन साम्राज्यापासून वेगळा व्हावा, अशी त्यांची मागणी नव्हती. उलट, सुलतानाच्या सुधारणांनी दिलेली समानता प्रत्यक्षात उतरावी, अशी त्यांची अपेक्षा होती. स्वतःला सीरियाई, अरब आणि ऑटोमन म्हणवण्यात त्यांना विसंगती वाटत नव्हती.

राष्ट्रीय विद्यालय

१८६३ मध्ये बुस्तानी यांनी बैरूतमधील झुकाक अल-बलात भागात ‘अल-मद्रसा अल-वतनिय्या’ हे राष्ट्रीय विद्यालय सुरू केले. त्या काळी बैरूतमधील बहुतेक शाळा कोणत्या ना कोणत्या पंथाच्या किंवा परदेशी मिशनच्या होत्या. बुस्तानी यांच्या विद्यालयात मात्र सर्व धर्मांच्या मुलांना समान प्रवेश होता आणि कोणावरही दुसऱ्याच्या धर्माचे शिक्षण लादले जात नसे. वेगवेगळ्या पंथांची मुले एकाच वसतिगृहात राहत. अरबी भाषेला अभ्यासक्रमात मध्यवर्ती स्थान होते. त्याचबरोबर तुर्की, फ्रेंच आणि इंग्रजी या भाषा तसेच आधुनिक विषय शिकवले जात. नासीफ अल-याझिजी यांनीही येथे अध्यापन केले. ‘नफीर सूरिया’तील विचार प्रत्यक्षात आणण्याचा हा प्रयत्न होता. १८६६ मध्ये अमेरिकी मिशनऱ्यांच्या पुढाकाराने बैरूतमध्ये सीरियन प्रॉटेस्टंट महाविद्यालय (आजचे बैरूत येथील अमेरिकी विद्यापीठ) सुरू झाले. मिशन आणि पंथ यांच्या सधन संस्थांशी स्पर्धा करणे एका खासगी विद्यालयाला अवघड गेले आणि १८७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते बंद पडले.

कोशकार्य

बुस्तानी यांचा शब्दकोश ‘मुहीत अल-मुहीत’ १८६७ ते १८७० या काळात दोन खंडांत प्रसिद्ध झाला. त्याचा आधार फिरोझाबादी यांचा मध्ययुगीन कोश ‘अल-कामूस अल-मुहीत’ हा होता. जुन्या कोशात शब्द धातूच्या अंत्याक्षरानुसार लावलेले असत. कवींना यमक शोधण्यास ही रचना उपयुक्त असली, तरी सामान्य वाचकाला शब्द सापडणे कठीण जाई. बुस्तानी यांनी धातूच्या आद्याक्षरानुसार मांडणी केली. नव्या विज्ञानातील संज्ञा, बोलीभाषेतील आणि ख्रिस्ती लेखनातील शब्द यांनाही त्यांनी स्थान दिले. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी ‘कत्र अल-मुहीत’ ही संक्षिप्त आवृत्ती काढली. या कार्याबद्दल ऑटोमन शासनाने त्यांना मजीदी पदक देऊन गौरवले.

१८७६ मध्ये ‘दाइरत अल-मआरिफ’ या ज्ञानकोशाचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. शीर्षकाचा अर्थ ‘ज्ञानाचे वर्तुळ’ असा होतो. पुढे अरबीत ज्ञानकोश या अर्थाने हीच संज्ञा रूढ झाली. इतिहास, भूगोल, विज्ञान, साहित्य आणि चरित्रे यांवरील नोंदी वर्णानुक्रमाने देताना त्यांनी युरोपीय ज्ञानकोशांतील माहिती आणि अभिजात अरबी ग्रंथांतील माहिती यांची सांगड घातली. इजिप्तचे खेदिव इस्माईल यांनी या प्रकल्पाला भरीव आश्रय दिला. बुस्तानी यांच्या हयातीत सहा खंड निघाले. त्यांच्या मृत्यूनंतर मुलगा सलीम आणि नंतर सुलेमान अल-बुस्तानी व इतर कुटुंबीयांनी काम पुढे नेले. १९०० मध्ये अकरावा खंड निघाल्यावर वर्णमाला पूर्ण होण्यापूर्वीच ते थांबले.

पत्रकारिता आणि भाषांतर

१८७० मध्ये बुस्तानी यांनी ‘अल-जिनान’ हे पाक्षिक सुरू केले. देशप्रेम हा श्रद्धेचाच भाग आहे, या अर्थाचे पारंपरिक अरबी वचन त्याचे ब्रीद होते. ‘अल-जन्ना’ आणि ‘अल-जुनैना’ ही वृत्तपत्रेही त्यांनी काढली. बुस्तान म्हणजे बाग, आणि या तिन्ही नियतकालिकांची नावे बागेच्या अर्थाशी जोडलेली होती. संपादनाचा मोठा भार सलीम यांनी उचलला. त्यांच्या कादंबऱ्या ‘अल-जिनान’मधून क्रमशः प्रसिद्ध झाल्या आणि अरबी कादंबरीच्या आरंभीच्या इतिहासात त्यांना स्थान आहे. ‘रॉबिन्सन क्रूसो’ या कादंबरीचे बुत्रुस यांनी केलेले अरबी भाषांतर १८६१ मध्ये प्रसिद्ध झाले होते.

१८७६ मध्ये ऑटोमन राज्यघटना जाहीर झाली, तेव्हा सुधारणावाद्यांच्या आशा पल्लवित झाल्या. परंतु १८७८ मध्ये सुलतान अब्दुल हमीद दुसरा याने संसद स्थगित केली आणि वृत्तपत्रांवरील नियंत्रण कडक होत गेले. अनेक सीरियाई लेखक व पत्रकार इजिप्तला गेले. बुस्तानी मात्र बैरूतमध्येच राहिले. ‘अल-जिनान’ १८८६ मध्ये बंद पडले.

मृत्यू आणि वारसा

१ मे १८८३ रोजी बैरूतमध्ये हृदयविकाराने बुस्तानी यांचे निधन झाले. त्या वेळी ते ज्ञानकोशाच्या कामात होते. पुढच्याच वर्षी सलीम यांचेही निधन झाले. बुत्रुस यांची मुलगी अॅलिस अल-बुस्तानी यांनी १८९१ मध्ये ‘साइबा’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. जावई खलील सरकीस यांनी १८७७ मध्ये सुरू केलेले ‘लिसान अल-हाल’ हे बैरूतमधील महत्त्वाचे वृत्तपत्र ठरले. सुलेमान अल-बुस्तानी यांचे ‘इलियड’चे अरबी पद्य भाषांतर १९०४ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे ते ऑटोमन संसदेचे सदस्य आणि मंत्रीही झाले.

पहिल्या महायुद्धानंतर ऑटोमन साम्राज्य कोसळले आणि बुस्तानी ज्याला सीरिया म्हणत त्या प्रदेशाची ब्रिटन व फ्रान्स यांनी आपसांत वाटणी केली. त्यानंतर त्यांच्या वारशावर अनेकांनी हक्क सांगितला. जॉर्ज अँटोनियस यांनी १९३८ च्या आपल्या ग्रंथात अरब राष्ट्रवादाच्या उगमाशी याझिजी आणि बुस्तानी यांना जोडले. सीरियाई आणि लेबनीज राष्ट्रवादाच्या पुरस्कर्त्यांनीही त्यांना आपले पूर्वसुरी मानले. नंतरच्या इतिहासकारांनी या मांडणीत सुधारणा केली. बुस्तानी यांना स्वतंत्र राष्ट्र अभिप्रेत नव्हते, तर सुधारलेल्या साम्राज्यात विविध धर्मांच्या माणसांना समान नागरिक म्हणून एकत्र राहता यावे हे अभिप्रेत होते, असे त्यांचे म्हणणे आहे. १८६१ मध्ये माउंट लेबनॉनमध्ये आलेली पंथनिहाय वाटणीची पद्धत बदलत्या स्वरूपात लेबनॉनच्या राज्यव्यवस्थेत आजही टिकून आहे. त्यामुळे पंथ आणि नागरिकत्व यांच्या संबंधाविषयी ‘नफीर सूरिया’ने उपस्थित केलेल्या प्रश्नांचा अभ्यास आजही होत असतो.